वरचे मी देते

परवा माझ्या भाचीची मुलगी भेटायला आली होती. मगरपट्ट्यात नोकरी करते, त्यामुळे आमच्या घरी येणे तिला दहा मिनिटांचे. डिसेंबरात ती व्हिएतनामला चालली आहे, बरोबर कॉलेजपासूनची मैत्रीण. विमान, व्हिसा, राहण्याच्या जागा सगळे त्या पोरींनी मोबाइलवरच बघून ठेवले आहे. त्यात माझ्यासारखीने सांगावे असे काही उरलेले नव्हते. निघताना चपला घालता घालता मात्र म्हणाली, "आजी, तिचा पगार माझ्या निम्मा आहे. तिला परवडणार नाही तिथे वरचे मी देईन. ठीक आहे ना?"

मी "अजिबात नको" म्हटले. ती बघतच राहिली. मी कंजूष झाले असे तिला वाटले असणार!

कारण दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहिते आहे. (ती वाचते हे मला ठाऊक आहे. तिची आईही वाचते आणि मग फोन करते.) माझे म्हणणे असे की दोघींनी मिळून कमी पैशांत परदेशी जायचे असेल, तर प्रवास जिच्याकडे पैसे कमी आहेत तिच्या ऐपतीचा असावा. जिच्याकडे जास्त आहेत तिने त्याच ऐपतीत राहावे, आणि 'वरचे मी देते' हे वाक्य घरी कुलूप लावून ठेवावे. हे मला शहाणपणाने सुचलेले नाही. मी हे वाक्य एकदा बोलून बसले आहे.

गोष्ट नोव्हेंबर २०१९ ची. आम्ही दोघी नेपाळला गेलो होतो. 'नेपाळ म्हणजे काय परदेश?' असे आमचे दीर तेव्हाही म्हणाले होते. अहो, तिथे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते, नोटेवर दुसरेच चित्र असते आणि जेवणाच्या बिलावर साल २०७६ लिहिलेले असते. आणखी काय पाहिजे?

माझी सोबतीण पूर्वी चार वर्षे आमच्या शाळेत रजेच्या जागेवर होती. तेव्हापासूनची मैत्री, पण दोघी एकमेकींना अजून 'बाई'च म्हणतो आणि अहोजाहो करतो. शिक्षकखोलीत लागलेली सवय सुटत नाही. पुढे मी अनुदानित शाळेत कायम झाले आणि निवृत्तीनंतर मला सरकारी नियमाप्रमाणे पेन्शन सुरू झाली. बाईंची उरलेली बावीस वर्षे विनाअनुदानित शाळेत गेली. तेच वर्ग, तेच पेपर, तपासायच्या वह्यांचे तेच गठ्ठे. पेन्शन मात्र भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली. त्या योजनेत २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली, यावरून काय ते समजा. बाईंना हजाराच्या थोडी वर मिळते. बाकी शिकवण्या आणि मुलगा.

नेपाळ ठरले ते त्यामुळेच. बाईंकडे पासपोर्ट नव्हता, आणि नेपाळला आपल्याला तो लागत नाही. पासष्टच्या पुढच्यांना आधार कार्डही चालेल असे सरकारने त्याच वर्षी जाहीर केले होते. बाईंनी पोस्टातली एक आर. डी. पुरी झाल्यावर मला सांगितले, "बाई, माझे पंधरा हजार आहेत. त्यात बसेल तेवढा परदेश बघू." मीही पंधरा हजारच काढले. त्यातले अडीच-अडीच हजार एका पाकिटात घालून वेगळे ठेवले, ते डॉक्टरचे. त्याला हात लावायचा नाही. रेल्वेला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना निम्मे तिकीट होते. (मार्च २०२० मध्ये ती सवलत बंद झाली आणि पुढे वर्षानुवर्षे परत आलीच नाही. म्हाताऱ्यांनी घरी बसावे असे कोणाला तरी वाटले असावे. असो.) पुण्याहून गोरखपूर स्लीपरने, म्हणजे दीड दिवस धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खिडकीतली धूळ.

नेपाळसाठी प्रत्येकीकडे शंभराच्या नोटांचे एकेक बंडल होते. दहा हजार. शंभराच्याच का, तर त्याच्या आदल्या वर्षी नेपाळने दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या भारतीय नोटा चालणार नाहीत असे ठरवले होते. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार आधी विचारतो, "आईसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. आम्ही दोघी पावकी-निमकी-दिडकी पाठ केलेल्या पिढीतल्या. दिडकी करायची आणि शंभराला दहा वर टाकायचे, हिशोब तोंडावर तयार. दहा हजारांचे सोळा हजार, दिवस दहा, म्हणजे माणशी रोज सोळाशे नेपाळी. हा आकडा बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. वहीत दोन रकाने. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'बाई'.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. गोरखपूरहून बसने सोनौली, तिथल्या कमानीखालून पिशव्या हातात घेऊन चालत पलीकडे. आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकले ते असे, चपलांचा आवाज करत. भैरहवाहून लुंबिनी. तिथे निरनिराळ्या देशांनी आपापले विहार बांधले आहेत. त्यातल्या कोरियाच्या विहारात प्रवाशांना अगदी थोडक्यात राहायला आणि जेवायला मिळते. घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभे राहायचे, जमिनीवर बसून जेवायचे, आपले ताट आपण घासायचे. आमच्या एका बाजूला जर्मन मुलगा, दुसऱ्या बाजूला दोन भिक्षुणी. भाजी काय होती ते ओळखता आले नाही, पण भात भरपूर होता. मायादेवी मंदिरात आणि अशोकस्तंभापाशी बाईंनी मला शाळेतला इतिहास पुन्हा शिकवला. आणखी एक गंमत म्हणजे नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. परदेशात गेल्यावर सगळ्या पाट्या धडाधडा वाचता याव्यात हे भाग्य कितीजणींना मिळते? अर्थ निम्म्यांचा लागत नव्हता, पण वाचायचा सोडला नाही एकही फलक.

मग पोखरा. भैरहवाहून पोखऱ्याची बस डोंगरातून वळणे घेत जाते, आठ-नऊ तास सहज लागतात. उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, हवा गार, आणि माझे दोन्ही गुडघे सुजले होते. तळ्याकाठच्या एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये गेलो. मागच्या बाजूची खोली आठशे नेपाळी, गरम पाणी बादलीने, खिडकीसमोर भिंत. पुढच्या बाजूची चोवीसशे. नळाला गरम पाणी, जाड रजया आणि खिडकीत माछापुच्छ्रे. हे शिखर ६,९९३ मीटर आहे आणि नेपाळात ते पवित्र मानतात, चढू देत नाहीत. मी ती खोली पाहिली आणि म्हटले, "हीच घेऊ या. वरचे मी देते." आणि काउंटरवर पैसे मोजायला लागले.

बाई काही बोलल्या नाहीत. मला वाटले, झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंचे पोट बरे नव्हते. सकाळी चहा, दुपारी चहा आणि पाव. मी समोर बसून डाळ-भात-तरकारी खाल्ली. तिथल्या साध्या खानावळीत भात आणि डाळ पुन्हा पुन्हा वाढतात, त्याला 'थप' म्हणतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी दोनदा थप घेतली. मग फेवा तालात नावेने बेटावरच्या बाराही देवीला जायचे होते, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मला पाण्याची भीती वाटते." मी गेले आणि दर्शन घेऊन आले. बाई कऱ्हाडच्या. लहानपणी कृष्णेत पोहलेल्या. हे मला पंचवीस वर्षे ठाऊक आहे, आणि तरी त्या दुपारी मला काही म्हणजे काही खटकले नाही!

रात्री औषधाची गोळी शोधताना वही हाताला लागली. 'मी'च्या रकान्यात लिहिले होते: खोली १२००. त्याखाली पुन्हा खोली १२००. चहा ३०. चहा ३०. पाव ४०. बस्स.

त्यांनी माझे 'वरचे मी देते' वहीत घेतलेच नव्हते. त्या चोवीसशेच्या खोलीचा निम्मा हिस्सा आपल्या नावावर टाकत होत्या. आठशेच्या खोलीत दोन रात्रींचा त्यांचा वाटा आठशे झाला असता. इथे तो चोवीसशे झाला. फरक सोळाशे. त्यांचा एक अख्खा दिवस. तो दिवस त्या जेवणातून आणि नावेतून भरून काढत होत्या.

मी म्हटले, "बाई, हे काय? खोलीचे तर मी देते म्हटले होते."

"तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं नव्हतं."

"मग तिथेच नको म्हणायचं होतंत."

"त्या पोऱ्यासमोर? त्याने किल्ली काढून ठेवली होती आणि तुम्ही नोटा मोजत होतात."

मी पर्स उघडली. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते पैसे आत्ता माझ्या हातावर ठेवलेत, तर उद्या सकाळच्या गाडीने मी सोनौलीला परत."

खरे सांगते, मला तेव्हा पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. राग आला. मी काय वाईट केले होते? गुडघे माझे दुखत होते, पैसे माझे होते, आणि दोघींनाही गरम पाणी मिळत होते. चांगुलपणा करायला जावे तर असे, म्हणून रजई तोंडावर ओढून झोपले. सकाळी खिडकीत माछापुच्छ्रे सोन्यासारखा दिसत होता. दोघींनी पाहिला. कोणीच काही बोलले नाही.

मग आम्ही मागच्या आठशेच्या खोलीत गेलो. मी दोन दिवस हट्टाने एकवेळच जेवले. काठमांडूच्या बसमध्ये दोघी शेजारी बसून दोन बाजूंना बघत होतो. मुग्लिंगला बस जेवायला थांबली. वाढणारी मुलगी भात घेऊन आली, मी नको म्हणून हात आडवा केला, तेव्हा बाई पोखऱ्यानंतर पहिल्यांदा बोलल्या. "नाटकं पुरे झाली. थप घ्या."

काठमांडूत पशुपतिनाथाचे दर्शन झाल्यावर बागमतीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पलीकडे चिता जळत होत्या. तिथे बाईंनी मला जे सांगितले ते मी त्या पोरीला सांगू इच्छिते. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही घरी असताना म्हणाला असतात ना, की चला, मी तुम्हाला नेपाळला नेते, तर मी आले असते. लाजले असते, पण आले असते. तुमची पाहुणी म्हणून आले असते आणि तुम्ही ठेवाल तिथे राहिले असते. पण आपण निम्मं-निम्मं ठरवून निघालो. मग मध्येच तुम्ही मला पाहुणी कशी केलीत?"

आता माझ्या मताकडे येते. आमच्या नातेवाइकांत जेव्हा जेव्हा ही गोष्ट निघते, तेव्हा निम्मे लोक म्हणतात की बाईंचा मानीपणा जरा जास्तच झाला. 'तुझ्याकडे आहे, तू दिलेस, यात बिघडले काय?' मी त्यांना विचारते, हॉटेल कोणी निवडले? मी. जेवायची वेळ? त्या दिवसापुरती मीच. जो वरचे देतो तो हळूच ठरवायलाही लागतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्याच्या मात्र प्रत्येक घासाला लक्षात येते. पुण्यात हे चालून जाते, कारण संध्याकाळी आपापल्या घरी जाता येते. परक्या देशात एका खोलीत दहा दिवस काढायचे असतात. शिवाय तिथे दुसरीला 'मला नको, मी चालले' म्हणायची सोयही नसते. गाडीचे पैसे मोजून ठेवलेले असतात.

या बाबतीत आपल्या प्रवासाच्या पुस्तकांनी मला काही शिकवले नव्हते. विष्णुभट गोडसे १८५७ साली पैसे मिळवायला उत्तरेत निघाले ते काकांबरोबर. लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा लुटले गेले. पण घर एक, कर्ज एक, थैली एक. 'अपूर्वाई'त पु. ल. आणि सुनीताबाई, तिथेही संसार एकच. दोन थैल्यांचा प्रवास कसा करायचा हे मी पुस्तकात वाचलेले नाही. खरे तर ते आमच्या दारावरून दरवर्षी जात होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याहून हडपसरला येतात, आणि इथून एक सासवडला वळते आणि एक सोलापूर रस्त्याने लोणीला जाते. आमच्या ओळखीच्या दिंडीत निघण्याआधीच भिशी ठरते. ज्याची पन्नास एकर बागायत आहे तोही तेवढीच भरतो, आणि त्याच तंबूत त्याच सतरंजीवर झोपतो. कोणाला खरोखरच जमत नसेल तर त्याची सोय निघण्याआधी गुपचूप होते. दिवे घाट चढताना कोणी कोणाला 'तुझे वरचे मी देतो' म्हणत नाही.

आता गुडघ्यांचे. कोणी म्हणेल, ज्याला सोसत नाही त्याने काय करावे? तर ते घरी सांगावे. मी ते बाईंना आधी सांगायला हवे होते, की मला थंडी आणि जिने सोसत नाहीत. मग आम्ही पोखऱ्याचे दिवस दोनाने कमी केले असते, किंवा मार्चमध्ये गेलो असतो. तेवढ्यानेही भागत नसेल तर तिच्याबरोबर जाऊ नये. सरळ सहल कंपनीबरोबर जावे. अर्थात तिथेही एकट्या बाईची वेगळीच तऱ्हा. जाहिरातीतला दर असतो एका खोलीत दोघांचा. एकटीला स्वतंत्र खोली हवी तर जास्त पैसे, नाहीतर अनोळखी बाईबरोबर दहा रात्री. माझ्या एका विधवा नणंदेला हा फरक ऐकून दोनदा युरोप रद्द करावे लागले. पण निदान तिथे हिशोब आधी छापलेला असतो, मध्येच कोणी उदार होत नाही.

आणि एकटीची हौस एकटीने जरूर भागवावी. पोखऱ्यात त्या छत्रीला टांगून उडायचे असेल तर उडावे, आपल्या पैशाने, आणि दुसरीने खाली बसून शेंगा खाव्यात. त्याने कोणाला काही वाटत नाही. खोली, जेवण आणि गाडी मात्र दोघींची असते. मैत्रीण आजारी पडली तर हिशोब करत बसू नये हे तर सांगायलाच नको. त्यासाठीच ते डॉक्टरचे पाकीट. आमचे ते तसेच परत आले.

मला माहीत आहे, तरुणपणी हे सगळे फार क्लिष्ट वाटेल. 'आजी, आम्ही ॲपवर हिशोब ठेवतो,' असे ती म्हणालीच. ठेवा की. आमच्याकडेही वही होती आणि पै न पै त्यात होती. वहीने सांगितले म्हणून तर कळले. पण ॲप उघडण्याआधी त्या दुसऱ्या मुलीला एकदा विचार, की तुला रोजचे किती जमतील. तिने सांगितलेला आकडा ऐकून तोंड वाकडे करू नकोस, आणि मग तोच आकडा तुझाही. तुला ते जमणार नसेल तर आत्ताच तिला सांग, की तिकिटापासून सगळे माझ्याकडून. ती नाही म्हणाली तर दुसरा देश बघा. स्वस्त म्हणतात ते सगळेच स्वस्त नसते. भूतान आम्ही तेवढ्यासाठीच सोडले. २०२२ मध्ये त्यांनी सीमा पुन्हा उघडल्यापासून भारतीयांनाही माणशी रोज बाराशे रुपये शुल्क लागू झाले. आमच्या वहीत ते बसेना.

आम्ही म्हणजे आम्ही दोघीच, अर्थात. मध्ये कोरोना गेला, बाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, माझा एक गुडघा बदलून झाला. बाईंनी आता पासपोर्ट काढला आहे. श्रीलंकेचे चालले आहे. पोस्टात नवी आर. डी. आहे, ती पुढच्या जूनमध्ये पुरी होते. किती भरतात ते मी विचारलेले नाही. झाली की आकडा सांगतील.

परवा ती जुनी वही मी त्या पोरीला दाखवायला काढली होती. शेवटच्या पानावर परतीचा हिशोब आहे. सोनौलीला सायकलरिक्षा, भारतीय ५०, दिले 'मी'च्या रकान्यात, म्हणजे बाईंनी. समोर लाल शाईने: बाईंकडून येणे २५. ते पंचवीस रुपये मी अजून दिलेले नाहीत. मागच्या आठवड्यात मी आठवण काढली, तर म्हणाल्या, "राहू द्या. कोलंबोत वळते करून घेईन."